तो ताप नव्हता, हे सांगणाऱ्या कुवळेकर मॅडम

प्रा. हेमलता कुवळेकर यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी समितीने मला लेख मागितला तेव्हा 'एखादी सुखद आठवण लिहा' असं सुचवलं होतं. मॅडमचे कितीतरी विद्यार्थी आज डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत. सुखद आठवणी ते माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील. मी त्यांच्या प्राणिशास्त्र विभागातला प्रयोगशाळा साहाय्यक. मॅडमविषयी सांगण्यासारखं माझ्याकडे जे आहे ते सुखद नाही. मी त्यांना तसं सांगितलं आणि परवानगी मागितली. त्या म्हणाल्या, "जसं झालं तसं लिहा. कमी करू नका, वाढवू नका."

आमची पहिली भेट माझ्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी झाली. आमचं कुटुंब मूळचं रत्नागिरीचं, मग परळचं, मग भाईंदर पूर्वेचं. आधीची कंपनी बंद पडल्यावर वयाच्या एकतिसाव्या वर्षी मला महाविद्यालयात ही नोकरी लागली. सकाळी हजर झालो तर टेबलावर पाण्याने भरलेली भांडी ओळीने मांडलेली. मॅडमनी माझं नाव विचारलं आणि लगेच दुसरा प्रश्न.

"पालकर, सकाळपासून पाणी किती प्यायलात?"

"फक्त चहा घेतलाय, मॅडम."

"छान. मग हे एक लिटर प्या. आज एक विद्यार्थी आला नाहीये."

नव्या नोकरीत साहेबांना नाही कसं म्हणायचं? मी प्यायलो. मग कळलं की दर अर्ध्या तासाने लघवी करून ती मोजपात्रात भरून आणायची आहे. अर्ध्या मुलांना साधं पाणी दिलं होतं, अर्ध्यांना मिठाचं. दोन तासांत माझं जवळजवळ सगळं पाणी बाहेर पडलं. मिठाचं पाणी प्यायलेल्यांच्या मोजपात्रांत मात्र जेमतेम तळ झाकला. मॅडमनी माझे आकडे फळ्यावर लिहिले.

"रक्त पातळ झाल्याचं यांच्या मेंदूला कळलं. त्याने मूत्रपिंडाला सांगितलं, जादाचं पाणी सोडून दे. रक्त पहिल्यासारखं झालं की तोच मेंदू सांगेल, आता पुरे. पालकरांना यातलं काहीही माहीत नव्हतं. त्यांच्या शरीराला माहीत होतं."

मुलं हसली. मी लाजेने मोजपात्र धुवायला आत गेलो. पण घरी जाताना मी तोच विचार करत होतो, की माझ्या नकळत आत एवढं काय काय चाललंय.

पुढच्या दहा वर्षांत मी त्यांचं ते व्याख्यान दरवर्षी ऐकलं. त्याला त्या 'समस्थिती' म्हणत. रक्तातली साखर, पाणी, मीठ, रक्तदाब, अंगाची उष्णता, प्रत्येकाची एक ठरावीक पातळी असते. शरीर ती सतत मोजत असतं. फरक पडला की उलट्या दिशेने काम सुरू होतं आणि फरक मिटला की थांबतं. साखर वाढली की इन्सुलिन सुटतं, साखर उतरली की इन्सुलिनही उतरतं. थंडी वाजली की स्नायू थरथरून उष्णता तयार करतात. उकडलं की कातडीकडे रक्त वाढतं, घाम सुटतो. त्या सांगायच्या, "मोजणं, ताडून पाहणं, दुरुस्त करणं. कुत्र्यात हेच, बेडकात हेच, आपल्यात हेच. फक्त बेडूक अंगाची उष्णता सांभाळायला उन्हात किंवा सावलीत जाऊन बसतो." तापमानाच्या धड्याला एक मोठा रंगीत तक्ता होता. तो भिंतीवर लावणं माझं काम.

मोजण्याच्या बाबतीत त्या फार कडक होत्या. मत्स्यटाकीच्या पाण्याचं तापमान रोज दोनदा वहीत लिहायचं असे. एकदा मी दुपारचं पाहायला विसरलो आणि संध्याकाळी अंदाजाने अठ्ठावीस लिहून टाकलं. मॅडमनी वही पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि तो आकडा खोडून माझ्याच हाताने 'पाहिलं नाही' असं लिहायला लावलं. "हे लिहायला लाज वाटू देऊ नका. पण खोटा आकडा लिहिलात, तर उद्या पाणी बिघडल्यावर आपण दुरुस्ती कशावरून करणार?" त्या रागावल्या नव्हत्या. बाईंचा स्वभावच तसा. खरं असेल ते सांगायचं, मग ते आवडो न आवडो.

त्यांच्या या स्वभावाचा मला पुढे फार त्रास झाला. आता तेच लिहितो.

माझा धाकटा भाऊ प्रकाश भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्यात कामाला होता. पत्रा नरम करण्यासाठी तापवतात, त्या भट्टीवर. घरी त्याची बायको सुनंदा आणि चार वर्षांची मुलगी. आम्ही दोघे भाऊ एकाच इमारतीत, वरखाली राहायचो.

ऑक्टोबर महिना होता. खाडीमुळे आमच्याकडे त्या दिवसांत हवा इतकी दमट होते की घाम येतो, पण वाळत नाही. त्या दिवशी सकाळी मॅडमचं तापमानाचं व्याख्यान झालं होतं. तक्ता मीच लावला होता. दुपारी दीडच्या सुमाराला प्रकाशबरोबर काम करणाऱ्या रामसेवक यांचा फोन आला.

"पालकर भाई, आपका भाई कुछ उल्टा-सीधा बोल रहा है. गाली दे रहा है. बदन तवे जैसा गरम है."

प्रकाशने कधी कुणाला शिवी दिलेली मी ऐकली नव्हती. तरी मी म्हणालो, "बुखार होगा. गोली दे दो. चादर ओढ़ाके सुला दो. मैं छुट्टी के बाद आता हूँ."

फोन ठेवला आणि मी काचपट्ट्या धुवायला घेतल्या. मॅडम शेजारच्या खोलीत बसल्या होत्या. मधलं दार उघडं होतं. मी त्यांना विचारलं नाही.

साडेचारला गाळ्यात पोचलो. वर पत्र्याचं छप्पर, पोटमाळ्यावर प्रकाश चादरीत गुंडाळलेला. हाक मारली तर डोळे उघडले नाहीत. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, तिथून मोठ्या रुग्णालयात. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. पस्तीस वर्षांचा होता.

चौथ्या दिवशी मॅडम घरी आल्या. सुनंदा भिंतीला टेकून बसली होती. गावाहून आलेले काका होते, शेजारपाजारची माणसं होती. मॅडम सुनंदाशेजारी जमिनीवर बसल्या. मग मीच बोललो. गेले तीन दिवस ते एकच डोक्यात घोळत होतं.

"मॅडम, तापाची गोळी दिली होती. मग ताप उतरला का नाही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी त्या काहीही सांगू शकल्या असत्या. त्यांनी विचारलं, "फोन किती वाजता आला होता?"

"दीड वाजता."

"आणि तुम्ही पोचलात कधी?"

"साडेचार."

मॅडमनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "पालकर, तो ताप नव्हता. तापात मेंदू स्वतःच पातळी वर नेतो, गोळी ती पातळी खाली आणते. इथे पातळी होती तिथेच होती. शरीर थंड व्हायला धडपडत होतं, पण बाहेरची उष्णता आणि कामाची उष्णता त्याच्यापेक्षा जास्त झाली. अशा वेळी गोळीचा उपयोग नसतो."

"आणि चादर?"

खोलीत सगळे ऐकत होते. सुनंदाने मान वर केली.

"चादर घालायला नको होती," मॅडम म्हणाल्या.

काका उठून उभे राहिले. "बाई, हे बोलायची ही जागा आहे काय? माणूस गेलाय आमचा!"

मॅडम हात जोडून उठल्या आणि निघून गेल्या. सुनंदा माझ्याकडे बघत होती. तिने एवढंच विचारलं, "चादर घाला असं कोणी सांगितलं होतं?"

"मी," मी म्हणालो.

त्यानंतर अडीच वर्षं सुनंदा माझ्याशी बोलली नाही. जिन्यात समोर आली तर भिंतीकडे तोंड करायची. तिच्या मुलीलाही माझ्याकडे येऊ द्यायची नाही. माझी बायको मध्ये पडायला गेली, तर सुनंदाने तिला दारातूनच परत पाठवलं. मला सुनंदाचा राग कधी आला नाही. मला मॅडमचा राग आला. इतका की कामापुरतं सोडून मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. मनात एकच यायचं, खोटं बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं? भाऊ तर परत येणार नव्हताच.

असे चार महिने गेल्यावर एका दुपारी मॅडम प्रयोगशाळेत आल्या. मी तक्ते गुंडाळत होतो. त्या स्टुलावर बसल्या.

"पालकर, मी बोलले त्याची किंमत तुम्ही मोजताय. ते आता मागे घेता येत नाही. पण दुसरी एक गोष्ट सांगायला आलेय." त्यांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. "दहा वर्षं तुम्ही माझं ते व्याख्यान ऐकलंत. त्या दिवशी सकाळीसुद्धा ऐकलंत. तरी दुपारी तुम्हाला कळलं नाही. म्हणजे मी शिकवलंच नाही. मुलांना मार्क मिळतील एवढं शिकवलं. माणूस वाचेल असं कधी सांगितलंच नाही. तुमच्या हातून चूक झाली, ती माझ्यामुळे झाली."

एवढ्या महिन्यांत 'तुझी चूक नाही रे' असं पुष्कळांनी सांगितलं होतं, आणि त्यातला एकही शब्द मला खरा वाटला नव्हता. मॅडमनी चूक नाही असं म्हटलं नाही. चूक होती असंच म्हणाल्या, आणि अर्धी स्वतःकडे घेतली. मी तिथेच उभ्या उभ्या रडलो. त्या बसून राहिल्या.

जाताना म्हणाल्या, "मला त्या गाळ्यात घेऊन चला."

"नाही जमणार मला, मॅडम."

"आज नको. जमेल तेव्हा सांगा."

मला जमायला आणखी आठ महिने गेले. मॅडम तोवर निवृत्त झाल्या होत्या. आम्ही गेलो तेव्हा पुन्हा ऑक्टोबर आला होता. गाळ्याचे शेठ दारातच म्हणाले, "मॅडम, यहाँ सब ठीक है. पुरानी बात क्यों निकालनी?" मॅडमचं हिंदी अगदी मराठी वळणाचं. त्या म्हणाल्या, "मैं निकालने नहीं आयी. दस मिनिट दो, खाने की छुट्टी में बोलूँगी." दहा मिनिटांत त्यांनी रंगीत तक्ता, मेंदूचा भाग, ग्रंथी, यातलं काही सांगितलं नाही. भट्टीवरच्या एका कामगाराला पुढे बोलावलं आणि विचारलं, "नाम क्या? आज कौन सा वार? अभी कहाँ खड़े हो?" त्याने बरोबर उत्तरं दिली. मग सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "गर्मी में जिसका जवाब गलत आया, जो बड़बड़ करे, गाली दे, लड़खड़ाए, उसको पीया हुआ मत समझो. पसीना आता हो तो भी मत मानो कि ठीक है. कपड़ा निकालो, पानी डालो, पंखा लगाओ, बरफ लगाओ. गोली नहीं. चादर नहीं. पहले ठंडा करो, फिर अस्पताल."

'चादर नहीं' म्हणताना त्या माझ्याकडे पाहणार नाहीत असं वाटलं होतं. त्यांनी पाहिलं.

मागे उभे असलेले रामसेवक पुढे आले. "मैडम, उस दिन हम यही करते, तो प्रकाश बचता?"

मॅडम त्यांच्याकडे वळल्या. "शायद बचता," त्या म्हणाल्या. "पक्का नहीं बोल सकती. शायद."

रामसेवक भट्टीजवळच्या पायरीवर बसले आणि डोकं गुडघ्यांत घातलं. प्रकाशला पोटमाळ्यावर उचलून नेणारे तेच होते. मला त्या दिवसापर्यंत वाटायचं की हे ओझं मी एकटाच वाहतोय.

त्यानंतरची तेरा वर्षं मॅडम दर मार्चमध्ये आणि दर ऑक्टोबरमध्ये गाळे पालथे घालत राहिल्या. भाईंदरच्या इंद्रलोक वस्तीतली त्यांची छोटी सदनिका हेच कार्यालय. सोबत एक थर्मामीटर, एक फवाऱ्याची बाटली आणि मी. सगळीकडे ऐकून घेतलं असं नाही. एका ठिकाणी वॉचमनने फाटकातूनच परत पाठवलं. एके ठिकाणी लोक हसले. ज्या गाळ्यात आम्हाला आत घेतलं नव्हतं तिथेच पुढच्या वर्षी एक माणूस दगावला. ती बातमी कळली तेव्हा मॅडम दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्याच फाटकापाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्या वेळी मात्र आत घेतलं.

सुनंदाकडे मॅडम एकट्याच जायच्या. काय बोलणं व्हायचं ते मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पहिल्या काही वेळा सुनंदाने दार उघडलं नाही, एवढं माझ्या बायकोने पाहिलं होतं. मॅडम जिन्यात पंधरा मिनिटं उभ्या राहायच्या आणि परत जायच्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा. एक दिवस दार उघडलं. प्रकाशच्या दुसऱ्या वर्षश्राद्धानंतर सुनंदा त्यांच्याबरोबर एका गाळ्यात गेली आणि कामगारांपुढे उभी राहून म्हणाली, "मेरा आदमी ऐसे ही गया." एवढंच. पण त्या दिवशी कुणी हसलं नाही. पुढे ती पॉलिशच्या एका गाळ्यात पॅकिंगच्या कामाला लागली.

त्याच गाळ्यात पुढच्या मार्च महिन्यात एक कामगार पडला. लोक म्हणाले, उपास आहे, चक्कर आली असेल. सुनंदाने त्याला आजचा वार विचारला. तो भलतंच बरळला. तिने त्याचा सदरा फाडला, पिंपातलं पाणी त्याच्यावर ओतायला लावलं, दोन पंखे लावले, शेजारच्या सरबतवाल्याकडची बर्फाची लादी फोडून काखेत आणि मानेभोवती लावली. डोळे उघडेपर्यंत तिने रुग्णवाहिकेत घालू दिलं नाही. माणूस वाचला. सगळं चांगलं झालं असं मात्र नाही. उष्णतेने त्याचे स्नायू विरघळून मूत्रपिंडं बिघडली, कितीतरी आठवडे डायलिसिस करावं लागलं, आणि पूर्वीसारखं काम करू शकेल असा तो राहिला नाही, गावी निघून गेला. पण तो जिवंत आहे.

त्या संध्याकाळी सुनंदा वर आमच्या दारात आली. तिचा पदर अजून ओला होता.

"भाऊजी," ती म्हणाली, "तो वाचला."

मी तिला आत बोलावलं. ती आली नाही, दारातच उभी राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला तरी कुठे माहीत होतं," आणि खाली गेली.

मॅडमनी चौथ्या दिवशी आमच्या घरी खोटं सांगितलं असतं, तर सुनंदा त्या अडीच वर्षांत माझ्याशी बोलत राहिली असती. आणि तो कामगार मेला असता. हे दोन्ही मी पुष्कळदा शेजारीशेजारी ठेवून पाहिलंय. दुखायचं ते दुखतंच.

आता मॅडमच्या तब्येतीविषयी. त्यांनी स्वतःच लिहायला सांगितलंय म्हणून लिहितो. गेली तीन वर्षं त्यांना मज्जासंस्थेचा आजार आहे. उठून उभ्या राहिल्या की डोळ्यांपुढे अंधारी येते. दोनदा स्वयंपाकघरात पडल्या, दुसऱ्यांदा मनगट मोडलं. पहिल्यांदा पडल्या तेव्हा मी गेलो, तर त्यांनी रक्तदाबाचं यंत्र माझ्या हातात दिलं.

"आधी आडवी असताना घ्या. मग उभी करून. नाडीही मोजा."

आडव्या असताना वरचा आकडा एकशे तीस होता. उभं केल्यावर ऐंशी.

"नाडी?"

"बहात्तर होती. आताही बहात्तरच."

"बरोबर," त्या खाली बसत म्हणाल्या. "दाब पडला की नाडी धावायला हवी. गळ्यातल्या रक्तवाहिनीत दाब मोजणारी टोकं असतात, ती मेंदूला कळवतायत. पण मेंदूचा निरोप हृदयापर्यंत जात नाही. रक्तवाहिन्या आवळत नाहीत. दुरुस्ती होत नाही." मग म्हणाल्या, "मला घामही येईनासा झालाय, पालकर. या वर्षी गाळ्यात येता येणार नाही."

मी आकडे वहीत उतरवले. त्या आयुष्यभर ज्याच्याविषयी बोलल्या ते त्यांच्याच अंगातून एकेक करून निघून चाललंय. त्यांना हे आमच्यापेक्षा जास्त कळतं. म्हाताऱ्या शरीराला तहान नीट लागत नाही म्हणून त्या घड्याळ लावून पाणी पितात. उठण्याआधी पलंगाच्या कडेला पाच मिनिटं बसतात. रोजचे आकडे वहीत लिहितात. एखाद्या दिवशी हात चालला नाही, तर तसं लिहितात. मी एकदा विचारलं, "मॅडम, भीती वाटते का?" त्या म्हणाल्या, "वाटते. पडेन आणि कुणाला कळणार नाही, याची वाटते." तेव्हापासून सकाळी मी आणि दुपारी सुनंदा, असे आम्ही दोघे त्यांच्याकडे जातो. गाळ्यांतही आता आम्ही दोघेच जातो. सुनंदा बोलते. मी पाण्याची बाटली धरतो.

हा लेख लिहितोय असं कळल्यावर मॅडमनी मला ताकीद दिली. "शतायुषी व्हा वगैरे लिहू नका. शंभर वर्षं हे शरीर सांभाळायला कोण येणार आहे?"

मॅडम, तुमचा शब्द मी कधी मोडला नाही, म्हणून शंभर लिहीत नाही. उरलेली जितकी असतील ती वर्षं तुम्हाला न पडता, वेदनेविना मिळोत, बुद्धी अशीच तल्लख राहो, आणि आमच्या चुका सांगायला तुम्ही असा, एवढंच मागतो. कोण येणार आहे, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी सुनंदाला विचारून लिहितोय. ती म्हणाली, "लिहा, आपण दोघं येणार."